बेवारस रुग्ण : पशुवैद्यकातील मालकीचा प्रश्न आणि गिधाडांचा ऱ्हास

१

भारतीय पशुवैद्यकाचा इतिहास सामान्यतः दोन रीतींनी लिहिला गेला आहे. पहिल्या रीतीत तो ग्रंथांचा इतिहास असतो. शालिहोत्र, पालकाप्य, नकुल, जयदत्त ही नावे क्रमाने येतात आणि परंपरेचे प्राचीनत्व सिद्ध केले जाते. दुसऱ्या रीतीत तो संस्थांचा इतिहास असतो. प्रयोगशाळा, महाविद्यालये, लशी आणि रोगनिर्मूलनाच्या मोहिमा यांचा आलेख त्यात मांडलेला असतो. या दोन्ही रीती उपयुक्त आहेत. परंतु पशुवैद्यकाचा 'रुग्ण' कोण, हा प्रश्न दोन्हींत गृहीत धरलेला दिसतो. आजारी माणूस स्वतः वैद्याकडे जाऊ शकतो. आजारी पशूला मात्र कोणीतरी वैद्याकडे न्यावे लागते. त्याला नेणारा हा बहुधा त्याचा मालक असतो. त्यामुळे पशूची व्यथा वैद्यकाच्या दृष्टीस पडते ती मालकीच्या वाटेने.

मग ज्याला मालकच नाही, अशा प्राण्याचे काय होते? प्रस्तुत निबंधात या प्रश्नाच्या आधारे पशुवैद्यकाच्या इतिहासाकडे पाहण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी निवडलेले प्रकरण अगदी अलीकडचे आहे. १९९० नंतरच्या दीड दशकात भारतीय उपखंडातील गिधाडे जवळजवळ नाहीशी झाली, आणि ती नाहीशी झाली ती गुराढोरांना दिल्या जाणाऱ्या एका वेदनाशामक औषधामुळे. या घटनेचे शास्त्रीय निदान आता सर्वमान्य आहे. तिचा विचार येथे ज्ञानव्यवहाराचा आणि वाङ्मयीन कल्पनेचा इतिहास म्हणून करावयाचा आहे.

२

प्राचीन ग्रंथांपासून आरंभ करू. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात गोऽध्यक्ष, अश्वाध्यक्ष आणि हस्त्यध्यक्ष यांची कर्तव्ये सांगितली आहेत. घोड्यांवर उपचार करणाऱ्या वैद्याच्या हयगयीने रोग बळावला तर उपचाराच्या खर्चाच्या दुप्पट दंड, आणि त्याच्या अपराधामुळे अनर्थ ओढवला तर त्या जनावराच्या किमतीइतका दंड, अशी तरतूद तेथे आहे. वैद्याची जबाबदारी येथे स्पष्ट शब्दांत मान्य केलेली आहे, ही गोष्ट लहान नाही. मात्र त्या जबाबदारीचे मोजमाप जनावराच्या मोलाने होते, आणि मोल असण्यासाठी धनी असावा लागतो.

'हस्त्यायुर्वेदा'ची कथा या दृष्टीने अधिक बोलकी आहे. हा ग्रंथ पुण्याच्या आनंदाश्रम संस्थेने १८९४ साली छापून प्रसिद्ध केला. अंगदेशाचा राजा रोमपाद आणि पालकाप्य मुनी यांच्या संवादाच्या रूपात तो रचलेला आहे. परंपरेनुसार पालकाप्य हत्तिणीच्या पोटी जन्मलेला आणि हत्तींच्या कळपात वाढलेला. पिकांची नासधूस करणारे रानहत्ती राजाने पकडून चंपानगरीत आणले, तेव्हा पालकाप्य त्यांच्या मागोमाग आला आणि त्यांच्या जखमांवर औषध लावू लागला. राजाच्या सेवकांनी त्याला हेरले, राजाने त्याला प्रश्न विचारले आणि त्या प्रश्नोत्तरांतून शास्त्र जन्मले. म्हणजे शुश्रूषा रानात आधीपासून होतीच. तिला ग्रंथरूप मिळाले ते हत्ती राजाच्या साखळदंडात आल्यानंतर.

अनुवादांचा प्रवासही हेच दाखवतो. शालिहोत्राच्या नावावर चालणारी अश्वविद्या शाहजहानच्या काळात संस्कृतातून फारसीत गेली, आणि त्या फारसी ग्रंथाचे जोसेफ अर्ल्स याने केलेले इंग्रजी भाषांतर १७८८ साली कलकत्त्यास छापले गेले. 'शालिहोत्र' या नावावरूनच उत्तरेकडील भाषांत घोड्यांच्या वैद्याला 'सलोतरी' हा शब्द रूढ झाला. भाषांतराच्या अभ्यासकांनी लक्षात घ्यावे असे की, राजवटी बदलल्या, लिपी बदलल्या, तरी या विद्येचा आश्रयदाता बदलला नाही. तो घोडदळ बाळगणारा सत्ताधारीच राहिला. ज्या प्राण्याची सैन्याला गरज होती, त्याचे शास्त्र एका भाषेतून दुसरीत गेले.

या चित्राला अपवाद नाही असे नव्हे. अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि पशूंसाठी अशा दोन्ही चिकित्सांची व्यवस्था केल्याचा उल्लेख आहे. पाचव्या स्तंभलेखात, राज्याभिषेकानंतरच्या सव्विसाव्या वर्षी अवध्य ठरवलेल्या प्राण्यांची यादी येते. त्या यादीत, जे चतुष्पाद उपयोगात येत नाहीत आणि खाल्लेही जात नाहीत, अशांचा एक स्वतंत्र वर्ग केलेला आहे. निरुपयोगी असणे हाच येथे संरक्षणाचा आधार मानला आहे. मात्र हे अभय वधापासून आहे. चिकित्सेचा लेख आणि अवध्यतेचा लेख हे दोन वेगळे लेख आहेत, आणि निरुपयोगी प्राण्यावर उपचार करावेत असे त्यांपैकी कोणताही लेख स्पष्टपणे म्हणत नाही.

३

वसाहतकाळात पशुवैद्यकाला आजचे संस्थात्मक रूप आले. पुण्यात १८८९ साली स्थापन झालेली इंपीरियल बॅक्टिरिऑलॉजिकल लॅबोरेटरी १८९३ मध्ये कुमाऊँच्या डोंगरातील मुक्तेश्वर येथे हलवण्यात आली. आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था ती हीच. मुंबईत बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय १८८३ मध्ये आणि पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ मध्ये सुरू झाले. गुरांच्या ज्या रोगाला आपण मराठीत 'बुळकांडी' म्हणतो, त्याचे निर्मूलन ही या परंपरेची सर्वांत मोठी कामगिरी होय. २००६ च्या मे महिन्यात भारत बुळकांडीमुक्त घोषित झाला आणि २०११ साली सारे जग.

याच मुंबईत बेवारस प्राण्यांचा प्रश्न त्यापूर्वी अर्धशतक उभा राहिला होता. भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध १८३२ साली पारशी समाजाने दंगा केला, आणि त्याच्या पाठोपाठ १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई आदींच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. पांजरापोळीने बेवारस जनावराला आसरा दिला. परंतु कायद्याने मान्य केलेला 'प्राणी' वेगळा होता. १८९० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यात 'प्राणी' याची व्याख्या 'पाळीव किंवा पकडलेला प्राणी' अशी होती. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने क्रौर्य घडण्यासाठी प्राणी आधी माणसाच्या ताब्यात असावा लागे. १९६० च्या कायद्याने ही व्याख्या बदलून मनुष्येतर प्रत्येक सजीवाला तिच्यात घेतले. सत्तर वर्षांत झालेले हे स्थित्यंतर महत्त्वाचे आहे.

व्याख्या बदलली तरी व्यवसायाची भाषा बदलली नाही. मराठीत 'गुरांचा दवाखाना' असतो, 'ढोरांचा डॉक्टर' असतो. महाराष्ट्रातील शासकीय पशुवैद्याचे पदनाम 'पशुधन विकास अधिकारी' असे आहे. या शब्दांत दोष काढण्याचा हेतू नाही. ज्या शेतकऱ्याचे सारे भांडवल एका बैलजोडीत आहे, त्याच्या दृष्टीने पशू हे धन आहेच. शब्द फक्त एवढेच सांगतात की, या दवाखान्याचे दार कोणासाठी उघडे आहे.

दिल्लीत लाल किल्ल्यासमोर जैन समाजाने चालवलेले पक्ष्यांचे धर्मार्थ रुग्णालय आहे. तेथे बेवारस पक्ष्यांवर विनामूल्य उपचार होतात. मांसाहारी पक्ष्यांना मात्र बाह्य रुग्ण म्हणून औषधपाणी मिळते, आत ठेवून घेतले जात नाही, अशी तेथील प्रथा अनेकांनी नोंदवली आहे. अहिंसेच्या चौकटीत तिचे कारण समजण्यासारखे आहे. तरीही मालकीखेरीज आणखी एक उंबरठा असतो, हे त्यावरून दिसते. मेलेले खाणाऱ्या पक्ष्याला हे दोन्ही उंबरठे ओलांडावे लागतात.

४

भारतीय वाङ्मयात गिधाडाचे स्थान दुहेरी आहे. रामायणातील जटायू हा सर्वांत आदरणीय पक्षी. सीतेसाठी तो लढतो आणि राम स्वतःच्या हाताने त्याला अग्नी देतो. परंतु जटायूला हा मान मिळतो तो दशरथाचा मित्र म्हणून. तो नात्याने मानवी कुटुंबात आलेला आहे. जटायूचा आदर करणाऱ्या समाजाने माळावरच्या गिधाडांचा आदर केलाच असे नाही.

महाभारताच्या शांतिपर्वातील गृध्रगोमायुसंवाद अधिक परखड आहे. स्मशानात एका बालकाचे शव घेऊन आप्तस्वकीय बसले आहेत. सूर्यास्तापूर्वी त्यांनी निघून जावे म्हणून गिधाड त्यांना वैराग्याचा उपदेश करते. अंधार पडेपर्यंत त्यांनी थांबावे म्हणून कोल्हा त्यांना स्नेहाची आठवण देतो. दोघेही भुकेपोटी बोलत आहेत. शेवटी शंकर बालकाला जीवदान देतात, आणि गिधाड व कोल्हा या दोघांचीही भूक शमवतात. शव खाणाऱ्यांची भूकही देवाने दखल घ्यावी अशी गोष्ट आहे, हे या आख्यानाने मान्य केले आहे. एका शवावर दोन प्राण्यांचा डोळा असतो आणि एक हटला की दुसरा पुढे सरतो, हे निरीक्षणही त्यात आहे. ते पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे.

आधुनिक मराठीत मात्र 'गिधाड' हा शब्द प्रामुख्याने शिवीसारखा वापरला जातो. टपून बसणे, तुटून पडणे ही क्रियापदे त्याला कायमची चिकटली आहेत. विजय तेंडुलकरांचे १९७० साली रंगभूमीवर आलेले 'गिधाडे' हे नाटक आपल्या शीर्षकासाठी याच रूढ अर्थाचा आधार घेते. तेथे गिधाडे म्हणजे एकमेकांचे लचके तोडणारी माणसे. नाटकाच्या दृष्टीने ते रूपक समर्थ आहे. प्रत्यक्ष पक्षी मात्र त्या रूपकाआड दिसेनासा होतो.

माळावरच्या शवाजवळ आणखी एक उपस्थिती होती. बैल जिवंत असेपर्यंत तो शेतकऱ्याचा. मेल्यावर त्याची विल्हेवाट लावण्याचे काम जातिव्यवस्थेने अस्पृश्य मानलेल्या समाजावर लादलेले होते. कातडे निघाल्यावर उरलेले गिधाडांकडे जाई. १९२७ च्या मार्चमध्ये महाड येथील परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मृत जनावराचे मांस सोडण्याचा निर्धार झाला, तो या लादलेपणाविरुद्धचा होता. दया पवारांच्या 'बलुतं' (१९७८) मध्ये मेलेल्या जनावराच्या वाटणीचे जे वर्णन येते, ते या व्यवस्थेचे आतून दिलेले साक्षीपत्र आहे. शिष्ट वाङ्मयाला जे शव दिसले नाही, ते दलित आत्मकथनाला दिसले. मेलेल्या बैलाचे पुढे काय होते, हा प्रश्न ज्यांना कधी विचारावा लागला नाही, त्यांच्याच हाती पशुवैद्यकाची पाठ्यपुस्तके होती, असे म्हणता येईल.

५

आता मुख्य प्रकरणाकडे वळू. १९८० च्या दशकात पांढऱ्या पाठीचे गिधाड हा जगातील सर्वाधिक संख्येने आढळणाऱ्या मोठ्या शिकारी पक्ष्यांपैकी एक मानला जात होता. इतक्या विपुल पक्ष्याची मोजणी करण्याची निकड कोणाला वाटत नव्हती. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी १९८० च्या दशकात शिकारी पक्ष्यांचा अभ्यास केला होता. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याच ठिकाणी पुन्हा पाहणी करताना त्यांना घरटी ओस पडलेली आणि माना टाकून बसलेली गिधाडे दिसली. जुन्या नोंदी असल्यामुळेच घट ध्यानात आली. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी, तर लांब चोचीच्या व निमुळत्या चोचीच्या गिधाडांची एकत्रित संख्या सुमारे ९७ टक्क्यांनी घटली, असे पुढील सर्वेक्षणांतून दिसून आले.

आरंभी संशय विषाणूवर होता, आणि तो रास्तच होता. बुळकांडीच्या अनुभवाने घडलेले वैद्यक सामूहिक मृत्यूत साथ शोधते. परंतु विषाणू सापडला नाही. पाकिस्तानातील पंजाबमध्ये लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृत गिधाडांचे शवविच्छेदन केले, तेव्हा बहुतेकांच्या अवयवांवर यूरिक आम्लाचे पांढरे थर आढळले. म्हणजे मूत्रपिंडे निकामी झालेली होती. संशोधकांनी मग आपला प्रश्न बदलला. गिधाडाला काय झाले, याऐवजी गिधाड जे खाते त्याला कोणते औषध दिले जाते, अशी चौकशी त्यांनी पशुवैद्यांकडे आणि औषधविक्रेत्यांकडे केली. उत्तर आले : डायक्लोफिनॅक. २००४ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, मूत्रपिंडे निकामी होऊन मेलेल्या, तपासलेल्या २५ पैकी २५ गिधाडांत हे औषध सापडले. अन्य कारणांनी मेलेल्या १३ पैकी एकातही सापडले नाही. त्याच वर्षी भारत व नेपाळमधील नमुन्यांनीही याला दुजोरा दिला.

या औषधाचा वापर करणारा शेतकरी किंवा पशुवैद्य क्रूर नव्हता. औषध स्वस्त होते आणि लवकर गुण देत होते. लंगडणारा बैल पेरणीच्या दिवसांत उभा राहावा, कास सुजलेल्या गाईचा ठणका कमी व्हावा, म्हातारे जनावर शेवटच्या दिवसांत तळमळू नये, हे तिन्ही हेतू दयेचेच होते. जनावर वाचले तर काही दिवसांत औषध शरीरातून निघून जाई. उपचारानंतर लगेच ते मेले तर औषध मांसात राही, आणि गिधाडांचा अख्खा थवा एका शवावर उतरत असल्यामुळे एक शव अनेकांना पुरेसे होई. दर १३० ते ७६० शवांमागे एका शवात घातक मात्रा असली तरी एवढा ऱ्हास होऊ शकतो, असे २००४ मधील एका गणिती अभ्यासाने दाखवले. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते, हे लक्षात घेतले म्हणजे या गणिताचे आश्चर्य वाटत नाही.

येथे पशुवैद्यकाच्या मूळ रचनेतील उणीव उघडी पडते. औषधाची सुरक्षितता तपासली जात होती ती दोघांच्या संदर्भात : ज्याला औषध दिले तो पशू, आणि त्याचे दूध वा मांस खाणारा माणूस. तिसरा भोक्ता कोणाच्याच हिशेबात नव्हता. त्याचा मालक नव्हता, आणि तो जे खात होता त्याचाही मालक उरला नव्हता.

६

२००६ च्या मे महिन्यात, म्हणजे भारत बुळकांडीमुक्त ठरला त्याच महिन्यात, पशुवैद्यकीय डायक्लोफिनॅकचे परवाने मागे घेण्याचा आदेश निघाला. पशुधनाच्या इतिहासातील मोठा विजय आणि बेवारस पक्ष्याची पहिली दखल एकाच महिन्यात यावी, हा योगायोग असला तरी नोंद घेण्यासारखा आहे. मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांना अपायकारक नाही, हे तोवर आफ्रिकेतील व भारतातील गिधाडांवरील चाचण्यांतून सिद्ध झाले होते. भारतातील चाचण्यांत भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ सहभागी होते. म्हणजे पशुवैद्यकाने स्वतःच्या औषधाची परीक्षा स्वतःच घेतली, याचे श्रेय त्याला दिले पाहिजे.

बंदीने प्रश्न सुटला नाही. माणसांसाठीच्या डायक्लोफिनॅकच्या मोठ्या कुप्या गुरांसाठी वापरल्या जाऊ लागल्या. म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शनची कुपी ३ मिलिलीटरच्या एका मात्रेपुरती मर्यादित करण्यात आली. औषधनिर्मात्यांनी त्याला आव्हान दिले, आणि २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने निर्बंध कायम ठेवला. दरम्यान केटोप्रोफेन गिधाडांना घातक असल्याचे आणि एसिक्लोफिनॅकचे गुरांच्या शरीरात डायक्लोफिनॅकमध्येच रूपांतर होत असल्याचे सिद्ध झाले. या दोहोंवर २०२३ साली बंदी आली, आणि निमेसुलाइडवर २०२४ च्या अखेरीस. प्रत्येक वेळी औषध आधी बाजारात आले, गिधाड नंतर मेले आणि बंदी त्याहून नंतर आली. बाजारात येण्यापूर्वीच औषधाची गिधाडांच्या दृष्टीने तपासणी व्हावी, ही संशोधकांची मागणी म्हणूनच या इतिहासातील खरा पालट ठरेल. तिच्यात मालकी नसलेल्या जीवाला औषधशास्त्रात आगाऊ स्थान मागितले आहे.

हरियाणातील पिंजोर येथे २००१ मध्ये सुरू झालेल्या गिधाड शुश्रूषा केंद्राचे पुढे प्रजनन केंद्र झाले, आणि त्याला जटायूचे नाव देण्यात आले. रानातल्या प्राण्याला वाचवण्यासाठी त्याला पिंजऱ्यात आणावे लागले. पालकाप्याच्या कथेतील हत्तींसारखे गिधाडही ताब्यात आल्यावर रुग्ण झाले.

७

गिधाडे गेल्यावर शवावर कोल्ह्याची नव्हे, त्याच्या जातभाईची, कुत्र्याची गर्दी झाली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासाने भटक्या कुत्र्यांच्या संख्येत किमान ५५ लाखांची वाढ या ऱ्हासाशी जोडली आणि रेबीजच्या मृत्यूंचा हिशेब मांडला. मुंबईच्या डुंगरवाडीवर पारशी समाजाला आपल्या अंत्यविधीसाठी सौर परावर्तकांची मदत घ्यावी लागली. ज्या समाजाने १८३२ मध्ये बेवारस कुत्र्यांची बाजू घेतली, त्यालाच गिधाडांचा अभाव सर्वांत जवळून सोसावा लागला. २०२४ साली ईयल फ्रँक आणि अनंत सुदर्शन यांनी, गिधाडांना अनुकूल असलेल्या आणि नसलेल्या जिल्ह्यांतील मृत्युदरांची तुलना केली. २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख अतिरिक्त मानवी मृत्यू आणि दरवर्षी सुमारे ६९ अब्ज डॉलरचे नुकसान, असा त्यांचा अंदाज आहे.

हा अभ्यास मोलाचा आहे, आणि धोरणकर्त्यांना तो ऐकू जाईल अशा भाषेत आहे. मात्र इतिहासाच्या अभ्यासकाने त्यातील भाषेकडेही पाहिले पाहिजे. गिधाडाला अखेर किंमत मिळाली आहे. अर्थशास्त्रातल्या घोड्याला जशी किंमत होती तशीच ही किंमत आहे. फरक इतकाच की, आता धनी म्हणून सारा समाज उभा आहे. ज्या प्राण्याचा उपयोग सिद्ध करता येत नाही, त्याच्या वाट्याला या युक्तिवादातून काहीच येत नाही. निमुळत्या चोचीचे गिधाड नेमके किती रुपयांचे, हे न सांगता त्याला वाचवण्याची भाषा आपल्या पशुवैद्यकाकडे अजून नाही.

ती भाषा परंपरेत मुळीच नव्हती, असे मात्र म्हणता येत नाही. उपयोगात न येणाऱ्या आणि खाल्ल्या न जाणाऱ्या प्राण्यांसाठी एका स्तंभलेखाने जागा राखली होती. एका आख्यानाने गिधाडाच्या भुकेची दखल घेतली होती. १९६० च्या कायद्याने व्याख्या रुंदावली होती. हे तीन धागे चिकित्साशास्त्रात मात्र आले नाहीत. ते का आले नाहीत, याचा शोध केवळ पशुवैद्यांनी घेऊन भागणार नाही. एका भाषेतील कोणती विद्या दुसरीत जाते, कोणता प्राणी रूपक होतो आणि कोणता रुग्ण होतो, या निवडी वाङ्मयाच्या अभ्यासकांच्या कक्षेतील आहेत. नव्या वेदनाशामकाच्या परवान्याच्या अर्जात गिधाडासाठी एक रकाना असावा की नसावा, हा प्रशासकीय प्रश्नही अखेर त्याच निवडींपाशी येऊन पोहोचतो.